ऐकलेली कविता आणि कोशातील नोंद

कोशात कोणाची नोंद घ्यावी आणि कोणाची घेऊ नये, हा प्रश्न वरवर पाहता संपादकांच्या दालनापुरता वाटतो. परंतु ज्याची कविता ऐकली जाते पण छापली जात नाही, अशा कवीचे नाव पुढे आले की तो आपल्या साऱ्यांचाच प्रश्न होतो. आज मंचावरून आणि ध्वनिचित्रफितींतून कविता सादर करणाऱ्या तरुणांची एक पिढी उभी राहिली आहे. आंतरजालावरील मुक्त ज्ञानकोश असो वा संपादकमंडळाने सिद्ध केलेला कोश असो, अशा कवीबाबत विचारणा ठरलेली असते : याचा संग्रह कोठे आहे? याच्यावर कोणी लिहिले आहे?

ही विचारणा निराधार नाही. कोश म्हणजे जाहिरातीचा फलक नव्हे. नोंदीतील प्रत्येक विधान वाचकाला पडताळून पाहता आले पाहिजे. कवीने स्वतःविषयी सांगितलेले त्याला पुरेसे नाही. प्रेक्षकसंख्येचे आकडेही फसवे असतात, कारण ते विकत घेता येतात. येथवर कोणाचे दुमत नसावे. मतभेद सुरू होतो तो ‘छापील तेवढाच पुरावा’ या पुढच्या पायरीवर.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही गफलत परिचयाची आहे. गृहिणीने रांधलेल्या अन्नामागचे श्रम राष्ट्रीय उत्पन्नात धरले जात नाहीत; तेच काम पगारी स्वयंपाकिणीने केले की धरले जातात. श्रम तेच, भागणारी भूकही तीच. बदलते ती केवळ नोंद.

मराठी कवितेचा इतिहास हेच सांगतो. अफझलखानाच्या वधावरील अज्ञानदासाचा पोवाडा १६५९ च्या घटनेवरचा. ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांचा पोवाड्यांचा संग्रह छापून निघाला तो १८९१ साली. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी पुत्र सोपानदेवांमुळे कागदावर टिकली आणि आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली. बहिणाबाई मात्र १९५१ मध्येच निवर्तल्या होत्या. २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. घरात सोपानदेव नसते तर गाण्यांचे मोल तेवढेच राहिले असते. नोंद मात्र झाली नसती.

सोपानदेव प्रत्येक घरी नसतात. ज्या घरी ते नसतात ती घरे बहुधा कष्टकऱ्यांची आणि दलितांची असतात. वामनदादा कर्डकांची (१९२२–२००४) गाणी समीक्षकांच्या पसंतीची वाट न पाहता गावोगावच्या गायकांनी उचलली. अशा कवितेला मिळणारा स्वतंत्र अभिप्राय तो हाच.

म्हणून निकष सैल करण्याचे कारण नाही. ते कवितेच्या जातीला अनुरूप मात्र असावेत. कवीशी हितसंबंध नसलेले लोक त्याची कविता म्हणतात काय? ती एका शहराबाहेर पोहोचली आणि काही वर्षे टिकली काय? जाणकारांनी तिची दखल घेतली काय? उत्तरे होकारार्थी असतील तर नोंद व्हावी. नसतील तर कितीही टाळ्या पडल्या तरी थांबावे.

अर्थात या उत्तरांनाही पुरावा लागेल. त्यासाठी ध्वनिमुद्रणे स्थळ-काळाच्या तपशिलासह जतन करण्याचे काम विद्यापीठांच्या मराठी विभागांनी आणि ग्रंथालयांनी अंगावर घेतले पाहिजे. ते न करता पुराव्याअभावी नोंद नाकारणे म्हणजे आपल्या आळसाचा दंड कवीकडून वसूल करणे होय.