दूरदेशीचे अंमलदार – भाग ६ : कॅप्टन फायन्स आणि त्याच लढाईतले कैदी

गेल्या आठवड्यात आपण पाहिलं की १८१५ साली नेपोलियनचा निकाल लागला आणि ब्रिटिश फौजेत अधिकाऱ्यांची गर्दी झाली. लढाई नाही म्हणजे बढती नाही. पायदळात कॅप्टनच्या हुद्द्याची सरकारी किंमत १,८०० पौंड होती. ती मोजायची ऐपत नसेल तर लेफ्टनंट म्हणूनच केस पिकायचे. अनेक जण अर्ध्या पगारावर घरी बसले. उरलेल्यांनी वसाहतींकडे डोळे लावले, कारण तिथे ‘पोलीस मॅजिस्ट्रेट’ नावाची एक जागा निघाली होती. ती पगारी होती, तिला कायद्याची परीक्षा लागत नव्हती आणि हुकूम सोडायची सवय हीच तिची पात्रता होती. ही जागा मिळालेल्यांपैकी एकाची आज ओळख करून घेऊ. त्याचं नाव फॉस्टर फायन्स.

फायन्सचा जन्म १७९० साली डब्लिनजवळच्या क्लॉन्टार्फचा. विशीत तो ६७व्या पायदळ रेजिमेंटमध्ये शिरला आणि नेपोलियनविरुद्धच्या स्पेनच्या लढाईवर गेला. पुढे भारत, मग ब्रह्मदेश. या ६७व्या रेजिमेंटची आपल्या मुलखाशी गाठ आहे, म्हणून इथे जरा थांबतो. १८१८च्या उन्हाळ्यात रायगडाला वेढा घालणाऱ्या कर्नल प्रॉथरच्या फौजेत ही पलटण होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमळनेरच्या किल्ल्यातल्या अरबांवर जी मोहीम निघाली तिच्यात, आणि १८१९ साली असीरगडाच्या वेढ्यातही तीच होती. पेशवाई बुडवण्याच्या कामगिरीबद्दल आणि हिंदुस्थानातल्या एकूण नोकरीबद्दल या पलटणीला १८२६ साली वाघाचं चिन्ह मिळालं. ऑस्ट्रेलियाच्या इतिहासात गाजलेला हा माणूस सैनिकी शिकला तो असा, परक्या मुलखातले किल्ले घेत आणि तिथल्या लोकांवर पहारा ठेवत. माणसं ताब्यात ठेवण्याचं शिक्षण यापेक्षा पक्कं कुठे मिळणार?

पुढे बदली होऊन फायन्स ४थ्या रेजिमेंटमध्ये, म्हणजे ‘किंग्ज ओन’मध्ये आला आणि १८३३ साली सिडनीला उतरला. तिथून त्याची रवानगी झाली नॉरफोक बेटावर.

नॉरफोक हे सिडनीपासून सुमारे १,६०० किलोमीटरवर समुद्रात पडलेलं बेट. ऑस्ट्रेलियात आणलेल्या कैद्यांनी तिथेही पुन्हा गुन्हा केला की त्यांना इथे आणून टाकत. आपल्याकडे अंदमानचं नाव काढलं की जे मनात येतं ते त्याच्या कितीतरी आधी इथे घडून गेलं होतं. बेटाचा कमांडंट जेम्स मॉरिसेट हाही स्पेनच्या लढाईतला जखमी गडी. चेहरा त्या लढाईतच विद्रूप झालेला. १८३४च्या जानेवारीत तो आजारी होता आणि कारभार फायन्सच्या हातात होता.

१५ जानेवारीची सकाळ. नेहमीपेक्षा जास्त कैद्यांनी पोट दुखतंय, अंग मोडतंय अशी कुरकुर करत इस्पितळ गाठलं. आत शिरल्यावर त्यांनी तिथल्या नोकरांना कोंडून घातलं, आपल्या बेड्या तोडल्या आणि दाराआड दबा धरला. बेत सरळ होता. तुरुंगातल्या टोळीला कामावर न्यायला पहारेकरी आले की त्यांच्यावर दोन्ही बाजूंनी झडप घालायची, बंदुका हिसकावायच्या, आणि लॉन्गरिजच्या शेतावरचे कैदी पिकाव, दाताळी घेऊन येऊन मिळाले की बेट ताब्यात घ्यायचं. पण शेतावरच्यांना पोहोचायला उशीर झाला. पहाऱ्यावरच्या शिपायांनी गोळीबार केला, छावणीतून फायन्स कुमक घेऊन धावला आणि काही मिनिटांत सगळं आटोपलं.

बंड मिनिटांत मोडलं, पण त्याची चौकशी महिनोन्‌महिने चालली. जड बेड्या, फटके, कोठड्या. एकाने दुसऱ्याचं नाव घ्यावं, दुसऱ्याने तिसऱ्याचं, असा तो प्रकार. ‘फ्लॉगर फायन्स’, म्हणजे फटकेमार फायन्स, हे नाव त्याला या काळात चिकटलं आणि मरेपर्यंत सुटलं नाही.

चौकशीत ज्याची जबानी सगळ्यात मोलाची ठरली त्या कैद्याचं नाव जॉन नॅचबुल. हा साधासुधा चोर नव्हता. केन्टमधल्या सरदार घराण्यातला मुलगा, नेपोलियनच्या लढाईत आरमारावर अधिकारी, कमांडरच्या हुद्द्यापर्यंत चढलेला. लढाई संपली, कर्ज झालं, आणि १८२४ साली खोट्या नावाखाली खिसा कापताना सापडून काळ्या पाण्यावर आला. बंडात तो होता, पण इतरांची नावं सांगून फाशीच्या यादीतून सुटला. एकाच युद्धातले हे दोघे अधिकारी. एक टेबलाच्या या बाजूला कागद पुढे ओढून बसलेला आणि दुसरा त्या बाजूला उभा राहून सोबत्यांची नावं सांगणारा. दोघांत फरक किती होता याचा विचार फायन्सच्या मनात आला असेल असं मला वाटत नाही. नॅचबुलचं पुढे काय झालं तेही सांगून टाकतो. १८४४ साली सिडनीत एका विधवेचा टॉमाहॉकने खून केल्याबद्दल तो फासावर गेला.

नॉरफोकच्या खटल्यासाठी न्यायमूर्ती बर्टन सिडनीहून आले. मृत्युदंड अनेकांना सुनावला. पण धर्मगुरूविना माणसं फासावर चढवणं बर्टन यांना पटेना, म्हणून शिक्षा थोपवून ते सिडनीला परतले. सप्टेंबरात धर्मगुरू आले. त्यांतले कॅथलिक पाद्री अलथॉर्न रात्री एकेका कोठडीत गेले आणि कोणाला फाशी होणार, कोणाची टळली, हे त्यांनी वाचून दाखवलं. ज्यांना जीवदान मिळालं ते रडू लागले. ज्यांना मरायचं होतं त्यांनी गुडघे टेकून देवाचे आभार मानले. हे अलथॉर्न यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. तेरा जणांना फाशी झाली. फायन्सच्या अमलाखालचं जगणं कसं होतं, हे त्या बेटावरच्या सगळ्या अहवालांपेक्षा या एका रात्रीत जास्त कळतं.

यानंतर फायन्स मोरटन बेचा, म्हणजे आजच्या ब्रिस्बेनचा, कमांडंट झाला. तिथली एकच गोष्ट सांगण्यासारखी आहे. १८३६ साली ‘स्टर्लिंग कॅसल’ हे जहाज फुटलं आणि कॅप्टनची बायको एलायझा फ्रेझर आदिवासींच्या मुलखात अडकली. तिला सोडवायला फायन्सने लेफ्टनंट ऑटरची तुकडी पाठवली खरी, पण ती बाई परत आली ती जॉन ग्रॅहम नावाच्या आयरिश कैद्यामुळे. ग्रॅहम पूर्वी पळून जाऊन सहा वर्षं त्याच लोकांत राहिला होता आणि त्यांची बोली त्याला येत होती. आडरानातल्या कामात सरकारला ऐनवेळी पळपुट्यांचाच आधार घ्यावा लागतो, हे फायन्सला तेव्हा कळलं असावं. कारण पुढच्या वर्षी तो स्वतःच एका पळपुट्याच्या मागे चालत निघाला.

१८३७ साली फायन्सने आपलं कमिशन विकलं. दक्षिणेला पोर्ट फिलिपच्या परिसरात मेंढपाळ धनिकांनी गवताची रानं बळकावली होती आणि त्यांना सरकार हवं होतं. सरकारकडे परवाना मागायचा, संरक्षण मागायचं, जमीन मात्र आधीच व्यापलेली! मेलबर्नला कॅप्टन लॉन्सडेल हा पोलीस मॅजिस्ट्रेट होताच, तोही ‘किंग्ज ओन’मधलाच. आता त्याच परिसरातल्या जिलॉंगसाठी फायन्सची नेमणूक झाली. सप्टेंबरात तो काही कॉन्स्टेबल आणि डझनभर कैदी मजूर घेऊन मेलबर्नहून पायी निघाला. वाट दाखवायला होता विल्यम बकली.

बकलीची हकिकत ऑस्ट्रेलियात शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. साडेसहा फुटांच्या आसपास उंचीचा हा माणूस १८०३ साली कैदी म्हणून आला, त्याच डिसेंबरात पळाला आणि बत्तीस वर्षं तिथल्या मूळच्या वाथाउरुंग लोकांबरोबर राहिला. १८३५ साली गोऱ्यांच्या तळावर येऊन उभा राहिला तेव्हा इंग्रजी आठवायलाही त्याला वेळ लागला. पण हा बकली मूळचा शिपाई होता. १७९९ साली हॉलंडमध्ये फ्रेंचांशी लढताना हाताला जखम झालेला, आणि पलटण कोणती म्हणाल तर तीच, ४थी, ‘किंग्ज ओन’! चोरीचं कापड बाळगल्याबद्दल त्याला जन्मभराची हद्दपारी झाली होती. तर जिलॉंगच्या वाटेवर पुढे त्या पलटणीचा शिपाई आणि मागे त्याच पलटणीचा निवृत्त कॅप्टन असे दोघे चालत होते. कॅप्टनने कमिशन विकून मॅजिस्ट्रेटी मिळवली, शिपायाकडे विकायला काही नव्हतं.

पोलीस मॅजिस्ट्रेट म्हणजे नेमकं कोण? आपल्या जुन्या मामलेदाराच्या हाती फौजदाराची काठी आणि न्यायाधीशाचा हातोडाही दिला तर जे होईल ते. तोच माणसं पकडवणार, तोच खटला ऐकणार, तोच शिक्षा सांगणार. कोणत्या मेंढपाळाला किती कैदी मजूर द्यायचे हेही त्याच्या हाती. १८३२च्या कायद्याने एकट्या मॅजिस्ट्रेटला एका वेळी पन्नासपेक्षा जास्त फटके सांगायची मनाई झाली होती, तर मजुरांचे मालक त्यावरच नाराज. पन्नासात काय होतंय, अशी त्यांची तक्रार!

फायन्सने तंबू ठोकले ते मुराबूल आणि बारवन नद्यांच्या संगमाजवळ. ती जागा आजही फायन्सफर्ड म्हणून ओळखली जाते. बंदर खाडीच्या काठी होतं, पण गोड पाणी बारवनलाच. आणि भरतीचं खारं पाणी नदीत चढून तेही नासायचं. म्हणून त्याने कैद्यांकडून नदीवर दगडी बंधारा घालून घेतला. जिलॉंगच्या त्या भागाला अजूनही ब्रेकवॉटर म्हणतात. त्याच्या कारभारातलं लोकांच्या उपयोगी पडलेलं काम कोणतं, असं विचारलं तर मी बिनदिक्कत हा बंधारा दाखवेन.

आल्या आल्या त्याने बकलीमार्फत वाथाउरुंगांना बोलावून घोंगड्या वाटल्या. घोंगड्या कमी पडल्या, माणसं चिडली, आणि फायन्सने आपल्या लोकांना बंदुका भरायला सांगितल्या. गोळी सुटली नाही. पण ज्यांच्या जमिनीवर हे सगळं चाललं होतं त्यांची आणि सरकारची पहिली गाठ ही अशी पडली. त्या वर्षअखेर बकली नोकरी सोडून होबार्टला निघून गेला.

१८४० साली फायन्स पोर्टलंड बे जिल्ह्याचा सरकारी जमिनींचा कमिशनर झाला. वर्षाला दहा पौंड भरून हव्या तेवढ्या रानात मेंढ्या चारायचा परवाना मिळे, तो द्यायचा आणि हद्दींची भांडणं मिटवायची हे त्याचं काम. हाताशी ‘बॉर्डर पोलीस’, आणि त्यात भरती कोणाची, तर गुन्ह्यासाठी शिक्षा झालेल्या शिपायांची. पुन्हा तेच, लढाईतून उरलेली माणसं! या जिल्ह्यात मेंढपाळ आणि मूळचे रहिवासी यांच्यात उघड लढाई पेटली होती. १८४०च्या मार्चमध्ये व्हाइट आडनावाच्या मेंढपाळ बंधूंनी मेंढ्या चोरल्याच्या रागाने आदिवासींचा एक मोठा जमाव गोळ्या घालून मारला आणि स्वतःच तसं कळवलंही. खटला उभा राहिला नाही. राहणार तरी कसा? आदिवासींना ख्रिस्ती शपथ घेता येत नाही म्हणून त्यांची साक्ष कोर्टात चालत नव्हती, आणि गोरे साक्षीदार म्हणजे बहुधा मारेकरीच. १८४३ साली ब्रिटिश पार्लमेंटने अशी साक्ष घ्यायची वसाहतींना मुभा दिली. पुढच्याच वर्षी सिडनीच्या कौन्सिलने ती मुभा नाकारली.

फायन्सचं मत काय होतं? त्याने पोर्ट फिलिपचा सुपरिंटेंडेंट ला ट्रोब याला लिहिलं की जमीनदारांनी आपल्या मालमत्तेचं रक्षण आपणच करावं आणि आदिवासींचा जागच्या जागी बंदोबस्त करावा. पगारी मॅजिस्ट्रेट राहिलेल्या माणसाने हे लिहावं! त्याच्या आठवणी वाचून काही जण त्याला सडेतोड, दिलदार आयरिश म्हातारा ठरवतात. तसा तो असेलही. हे पत्र मात्र त्याच हाताने लिहिलं आहे.

१८४३ साली त्याने लग्न केलं आणि पुढे बारवनच्या काठी ‘बॅल्यांग’ नावाचं घर बांधलं. १८४९ साली तो जिलॉंगचा पोलीस मॅजिस्ट्रेट म्हणून पुन्हा खुर्चीवर आला. सोन्याच्या खाणी सापडल्या तेव्हाही तिथेच होता. १८७०च्या मे महिन्यात तो बॅल्यांगलाच वारला. आठवणी छापून आल्या त्या १९८६ साली. नॉरफोकचा आजारी मॉरिसेटही शेवटी बॅथर्स्टचा पोलीस मॅजिस्ट्रेटच झाला होता. त्याची पुंजी बँकेत बुडाली आणि सावकार पगारावर टाच आणत राहिले, तरी १८५२ साली मरेपर्यंत खुर्ची सोडणं काही त्याला परवडलं नाही.

जिलॉंगमध्ये फायन्सच्या डोळ्यांत खुपणारा एक माणूस होता, चार्ल्स सीव्हराइट. हाही लष्करातूनच आलेला, पण नेमणूक आदिवासींचा ‘सहायक संरक्षक’ म्हणून. व्हाइट बंधूंची चौकशी त्याने केली आणि १८४२ साली नोकरी गमावली. त्याच्याविषयी पुढच्या भागात.