पगार विचारणारं पोस्टकार्ड

आमच्या लहानपणी पगार विचारणं गैर नव्हतं. एस.टी.त शेजारी बसलेला अनोळखी माणूसही "हातात किती पडतात?" म्हणून विचारी. निजामाच्या राज्यात, उदगीर बिदर जिल्ह्यात होतं तेव्हा, सरकारी अधिकाऱ्यांची नावं पगारासह सिव्हिल लिस्टमध्ये छापली जात. पुढे आम्हा बँकवाल्यांचंही तेच. 1979च्या नियमांनी ठरलेली कनिष्ठ अधिकाऱ्याची 700 ते 1800ची श्रेणी गावाला आमच्याइतकीच पाठ होती. झाकलेला असे तो खाजगी कंपनीतल्या साहेबाचा पगार.

कंपनी कायद्याच्या 1974च्या दुरुस्तीने तोही उघडा पडला. वर्षाला 36,000 किंवा त्याहून जास्त घेणाऱ्याचं नाव संचालकांच्या अहवालात येऊ लागलं. वय, शिक्षण, अनुभव, आधीची नोकरी आणि तो संचालकाचा नातेवाईक आहे का, तेसुद्धा! मर्यादा वेळोवेळी वाढली. नंतर हा तक्ता वगळून अहवाल धाडायची मुभाही कंपन्यांना मिळाली. ज्या भागधारकाला हवा, त्याने सेक्रेटरीला लिहावं.

असं कोण लिहितं? उदगीरच्या शाखेत आमचे खातेदार असलेल्या एका निवृत्त गुरुजींनी लिहिलं. मुलीसाठी मुंबईचं स्थळ आलं होतं. मुलगा मोठ्या कंपनीत, पगाराचा आकडा भारी आणि त्याच आकड्यावर हुंड्याचा आकडा बसवलेला. योगायोग असा, की त्या कंपनीचे पन्नास शेअर गुरुजींकडे होते. त्यांनी पंधरा पैशांचं पोस्टकार्ड टाकलं. टपालाने तक्ता आला, तो घेऊन ते माझ्या टेबलाशी बसले. आम्ही दोघांनी तीनदा वाचला. सांगितलेला पगार खरा असता, तर कायद्याने नाव छापावंच लागलं असतं. नाव नव्हतं.

"साहेब, शेत विकायला निघालो होतो," एवढंच ते बोलले. सोयरीक मोडली.

ही मर्यादा 2011मध्ये वर्षाला 24 लाखांवरून 60 लाखांवर गेली, 2016मध्ये 1 कोटी 2 लाखांवर. त्याखेरीज सर्वाधिक पगाराच्या दहाजणांची नावं द्यावी लागतात, हे मान्य. महागाई वाढली हेही खरं. पण इतकी? माझ्या मते शेत विकायला निघालेल्या बापाच्या कामाचा तो तक्ता आता उरलेला नाही.

गुरुजींची मुलगी पुढे जिल्हा परिषदेच्या एका शिक्षकाला दिली. त्याचा पगार गुरुजींनी कुणाला विचारला नाही. श्रेणी त्यांना तोंडपाठ होती.