घोड्यांची गणती आणि घोड्यांचें काम

रस्त्यानें एखादी दांडगी मोटार गर्जत गेली कीं शाळेंतून परतणारीं मुलें थांबतात, आणि त्यांच्यांतील एखादा तरी विचारतोच, "हिला किती घोड्यांचें बळ असेल?" प्रश्न चांगला आहे, परंतु आमच्या मतें तो अर्धाच आहे. उरलेला अर्धा प्रश्न असा कीं, ते घोडे कोणत्या कामास जुंपले आहेत? या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर शोधूं लागलें म्हणजे यंत्रशास्त्राबरोबर निरनिराळ्या देशांचे कायदे, कर, रस्ते व आवडीनिवडी यांचाही उलगडा होऊं लागतो. तोच या लेखांत थोडक्यांत करण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम दोन यंत्रें वाचकांपुढें ठेवतों. अमेरिकेंतील डॉज कंपनीनें आपल्या २०१५ सालच्या 'चॅलेंजर हेलकॅट' मोटारींत ७०७ अश्वशक्तीचें इंजिन बसविलें. स्वीडनमधील स्कॅनिया कंपनीनें २०२० सालीं मालवाहू ट्रकासाठीं ७७० अश्वशक्तीचें इंजिन काढलें. दोहोंसही आठ-आठ सिलिंडर, आणि ते इंग्रजी 'व्ही' अक्षराप्रमाणें दोन रांगांत मांडलेले. आंकडे पाहिले तर हे जवळ जवळ तुल्यबळ मल्ल होत. पण पहिलें इंजिन सुमारें २ टनांची मोटार व तींतील चार माणसें नेतें. दुसरें वाहनासकट ६०-७० टनांचा भार चढणीवरून ओढून नेतें. बळ सारखें असतां कामांत एवढा भेद कां?

याचें कारण समजण्यास अश्वशक्ति म्हणजे काय हें पाहिलें पाहिजे. जेम्स वॅट यानें ठरविलेल्या मापाप्रमाणें ३३,००० पौंड वजन एका मिनिटांत एक फूट उचलणें म्हणजे एक अश्वशक्ति. अर्थात् शक्ति म्हणजे केवळ जोर नव्हे. जोर आणि वेग यांचा तो गुणाकार आहे. मोटेचा बैल पावलापावलानें पण मोठ्या जोरानें ओढतो. शर्यतीचा घोडा हलकें ओझें घेऊन वाऱ्यासारखा धांवतो. गुणाकार एकच येऊं शकतो, परंतु घोड्यास मोटेस जुंपणें किंवा बैल शर्यतींत सोडणें हें शहाणपणाचें होणार नाहीं.

इंजिनांतही असेंच आहे. त्याचा दांडा फिरतांना जो पिळाचा जोर देतो, त्यास टॉर्क म्हणतात. स्कॅनियाच्या त्या इंजिनाचा टॉर्क ३,७०० न्यूटन-मीटर, आणि तो मिनिटास अवघ्या हजार-चौदाशें फेऱ्यांतच पूर्ण मिळतो. हेलकॅटचा टॉर्क सुमारें ८८० न्यूटन-मीटर, म्हणजे त्याच्या चौथाईहून कमी. परंतु तें इंजिन मिनिटास ६,००० फेरे घेतें, म्हणून गुणाकार जवळपास तेवढाच भरतो. ट्रकाच्या इंजिनाचें घनमान १६.४ लिटर आहे, तर मोटारीच्या इंजिनाचें ६.२ लिटर, आणि लहान इंजिनांत हवा बळेंच कोंबणारा पंप बसवून तें मोठें केलेलें आहे. शिवाय मोटारीचें पुरें बळ क्वचित् कांहीं क्षणच वापरलें जातें. ट्रकाच्या इंजिनानें मात्र तासचे तास चढणीवर ओझें ओढावें अशी अपेक्षा असते. बोरघाटांत मालानें भरलेला ट्रक खालच्या गिअरांत कण्हत चढतो, तेव्हां तोही वेग सोडून जोर विकत घेत असतो.

आतां हीं इंजिनें निरनिराळ्या बाजारांत कशीं घडत गेलीं तें पाहूं. अमेरिकेंत पेट्रोल स्वस्त, रस्ते सरळ व लांब, आणि इंजिनाच्या आकारावर भारी कर नाहीं. १९३२ सालीं फोर्ड कंपनीनें आठ सिलिंडरांचें ६५ अश्वशक्तीचें इंजिन सामान्य माणसाच्या मोटारींत आणलें. तोंपर्यंत असलें इंजिन ही बहुतकरून श्रीमंतांची चीज होती. पुढें १९६४ सालच्या गाड्यांत पॉन्टिअॅकच्या मंडळींनीं एक युक्ति केली. मध्यम आकाराच्या मोटारींत ३३० घन इंचांहून मोठें इंजिन घालूं नये असा त्यांच्या मूळ कंपनीचा, जनरल मोटर्सचा, नियम होता. त्यांनीं ३८९ घन इंचांचें इंजिन मोटारीबरोबर न देतां 'ग्राहकाच्या इच्छेनुसार जादा सामान' म्हणून विकलें! या 'जीटीओ' मोटारी पहिल्याच वर्षीं ३२,००० हून अधिक खपल्या. मध्यम मोटार, अवजड इंजिन आणि तरुणास परवडणारी किंमत, असा हा मेळ होता. अशा मोटारींस लोक 'मसल कार', म्हणजे पिळदार स्नायूंची मोटार, म्हणूं लागले.

ही भरभराट फार टिकली नाहीं. तरुण चालकांचे अपघात वाढले तसे विम्याचे दर चढले; १९७० सालीं हवा शुद्ध राखण्याचा कडक कायदा झाला; १९७३ सालीं अरब देशांनीं तेल रोखलें. मोठीं इंजिनें एकामागून एक दुबळीं झालीं किंवा बंद पडलीं. परंतु कायद्याच्या भिंतींत एक खिडकी उघडी राहिली होती. ६,००० पौंडांहून अधिक भारमर्यादेच्या ट्रकांस त्या वेळीं धूर शुद्ध करण्याचें उपकरण सक्तीचें नव्हतें. डॉजनें १९७८ सालीं याचाच फायदा घेऊन ५.९ लिटर इंजिनाचा एक लाल ट्रक काढला, आणि तो वेग घेण्यांत त्या काळच्या कित्येक नांवाजलेल्या मोटारींस मागें टाकूं लागला.

मोठें इंजिन अशा रीतीनें मोटारींतून ट्रकांत राहावयास गेलें, तें तेथेंच रमलें. बाहेरून येणाऱ्या ट्रकांवर १९६४ पासून २५ टक्के जकात बसली होती, तिचाही यास हातभार लागला. युरोपानें अमेरिकन कोंबड्यांवर जकात वाढविली त्याचा हा सूड होता. म्हणून या जकातीस 'कोंबडी कर' असें गंमतीचें नांव पडलें. परक्या स्पर्धेपासून असें संरक्षण मिळाल्यावर अमेरिकन ट्रक आपल्याच मनाप्रमाणें वाढत गेला. डॉजनें २००४ सालीं ८.३ लिटरांचें दहा सिलिंडरी, ५०० अश्वशक्तीचें इंजिन ट्रकांत घातलें. आणि २०२१ सालच्या 'रॅम टीआरएक्स' ट्रकांत तर त्या हेलकॅटचेंच इंजिन ७०२ अश्वशक्तीचें करून बसविण्यांत आलें.

अटलांटिक ओलांडतांच चित्र पालटतें. इंग्लंडांत १९२१ पासून दुसऱ्या महायुद्धानंतरपर्यंत मोटारीवरील कर सिलिंडरांची संख्या व त्यांचा व्यास यांवरून ठरे. दट्ट्या किती लांब सरकतो हें त्यांत धरीत नसत. मग कारखानदारांनीं काय करावें? त्यांनीं अरुंद व उंच सिलिंडरांचीं इंजिनें बनविलीं. इटलींत २ लिटरांहून मोठ्या इंजिनाच्या मोटारींवर एके काळीं ३८ टक्के कर असे. त्यामुळें फेरारीसारख्या कंपनीनेंही १९८० सालीं त्या मर्यादेंत बसणारें आठ सिलिंडरांचें छोटें इंजिन काढलें. तें अशक्त वाटलें, म्हणून १९८२ सालीं बाहेर पडणाऱ्या धुरानेंच फिरणारा टर्बो जोडून त्याची शक्ति १५५ वरून २२० अश्वशक्तीवर नेली. जपानांत कारखानदारांनीं १९८९ च्या सुमारास आपसांत सभ्य गृहस्थांचा करार केला कीं, कोणतीही मोटार २८० अश्वशक्तीहून अधिक म्हणून जाहीर करावयाची नाहीं. हा करार २००४ पर्यंत चालला.

आस्ट्रेलियाची हकीकत याहून निराळी आहे. गिप्सलँड प्रांतांतील एका शेतकऱ्याच्या पत्नीनें तेथील फोर्ड कंपनीस पत्र पाठवून असें वाहन मागितलें कीं, रविवारीं त्यांतून कुटुंबास उपासनेस जातां यावें आणि सोमवारीं त्यांतूनच डुकरें बाजारांत नेतां यावीं. लुईस बँट नांवाच्या तरुण आरेखकानें पुढें मोटार व पाठीमागें मालाचा हौदा असें 'यूट' वाहन आंखलें, व १९३४ सालीं तें विक्रीस निघालें. या गरिबाच्या गाडींतही पुढें मोठीं इंजिनें शिरलीं. २००६ सालीं होल्डनच्या 'मलू' यूटनें ताशीं २७१ किलोमीटरांहून अधिक वेग गांठून मालवाहू मोटारींचा विक्रम केला. डुकरांस बाजारांत नेण्यास एवढी घाई कशाला, असें त्या बाईंनीं खास विचारलें असतें!

त्याच देशांत १९७२ सालीं एक विचार करण्यासारखी गोष्ट घडली. बाथर्स्टच्या शर्यतींत लोकांस विकल्या जाणाऱ्या मोटारीच धांवाव्या असा नियम असे. म्हणून कंपन्या शर्यतीच्याच मोटारी लोकांस विकूं लागल्या. ताशीं १६० मैल धांवणाऱ्या मोटारी लवकरच कोणासही मिळूं लागणार, असें त्या वर्षीं जून महिन्यांत सिडनीच्या एका वर्तमानपत्रानें छापतांच मोठी खळबळ उडाली. न्यू साउथ वेल्सच्या वाहतूक मंत्र्यांनीं विरोध केला, आणि थोड्याच दिवसांत तिन्ही मोठ्या कंपन्यांनीं आपापले बेत सोडून दिले. शर्यतीचें मैदान आणि मुलाबाळांचा रस्ता हीं दोन ठिकाणें एक नव्हेत, हें त्या समाजानें वेळींच ओळखलें.

आपल्याकडेही कायद्यानें इंजिन घडविल्याचें उदाहरण ताजें आहे. २००० घन सेंटिमीटर व त्याहून मोठ्या डिझेल मोटारींची नोंदणी दिल्ली परिसरांत सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २०१५ मध्यें थांबविली. आमच्या मुंबईच्या महिंद्र कंपनीनें पुढच्याच महिन्यांत १.९९ लिटरांचें इंजिन पुढें केलें. बंदी ऑगस्ट २०१६ मध्यें उठली; पण इंजिनाचें माप केवळ यंत्रज्ञ ठरवीत नाहीं, त्यास शासनकर्ते व न्यायाधीशही हात लावतात, हें त्यावरून दिसलें.

आतां पुन्हां त्या दोन मल्लांकडे वळूं. युरोपांत अवजड ट्रकांस वेग रोखणारें उपकरण सक्तीनें बसवितात, व तें ताशीं ९० किलोमीटरांवर बांधलेलें असतें. म्हणजे ७७० घोड्यांचा तो धनी कोणत्याही साध्या मोटारीहून हळू चालतो. त्याच्या बळास लगाम आहे, म्हणूनच गांवोगांवचें धान्य, लांकूड व लोखंड त्याच्यावर निश्चिंतपणें सोंपवितां येतें. ७०७ घोड्यांच्या मोटारीस असा लगाम यंत्रांत नाहीं. तो चालविणाराच्या मनांत असावा लागतो. गणितही येथें निष्ठुर आहे. वेग दुप्पट झाला कीं धडकेची ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट होते. आणि गाडी थांबविण्यास लागणारें अंतरही त्याच मानानें वाढतें. तरुणपणाचा उत्साह हें गणित बदलूं शकत नाहीं.

मोठ्या इंजिनाची आवड धरूं नये असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. तें मनुष्याच्या बुद्धीचें एक सुंदर फळ आहे, आणि आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी उद्यां याहून चांगलें इंजिन बनविलें तर आम्हांस अभिमानच वाटेल. पालकांस आमची विनंति एवढीच कीं, मुलानें मोटारसायकल मागितली तर तिचे घोडे मोजण्यापूर्वीं त्याच्या हातीं लगाम आहे कीं नाहीं हें पाहावें. आणि मुलांनो, यापुढें रस्त्यानें एखादें दांडगें वाहन गर्जत गेलें, तर घोडे किती हें अवश्य विचारा. पण लगेच दुसरा प्रश्नही विचारा, कीं ते काय ओढतात, आणि त्यांस आवरणारा कोण आहे.