धर गं जरा

परळीकडे जाणारी सकाळची गाडी परभणीचं स्टेशन सोडते, तेव्हा तिघांच्या बाकावर आम्ही पाच जण आहोत. सहावी येते. कडेवर लेकरू, हातात पिशवी. “सरका जराक, माय,” ती म्हणते आणि पाचही जण सरकतात. जागा कुठून निघते कळत नाही, पण निघते. लेकरू थोड्याच वेळात समोरच्या आजोबांच्या मांडीवर जाऊन बसतं आणि त्यांच्या उपरण्याचं टोक ओढू लागतं. आईला त्याचं काही वाटत नाही, आजोबांनाही नाही.

संक्रांत आठवड्यावर आली आहे. आजोबांच्या पायाशी धोतराच्या फडक्यात बांधलेली ज्वारीची हिरवी कणसं आहेत. “लेकीकडं चाललाव, गंगाखेडाला,” ते सांगतात. “तिच्या घरी रान नाही. मग तिला हुरडा कुठला?”

मी वाण विचारते. रानात ‘परभणी मोती’ आहे, विद्यापीठाचं. परभणीचं कृषी विद्यापीठ १९७२ साली सुरू झालं, तेव्हापासून इथल्या बोलण्यात वाणांची नावं घरच्या माणसांच्या नावांसारखी येतात. पण ही कणसं त्या वाणाची नाहीत. बांधाच्या कडेनं आजोबा दरवर्षी चार तासं गूळभेंडीची पेरतात.

“विकायला?”

“छे! माणसं बोलवायला.”

चार तासं माणसं बोलवायला. पेरणीच्या घाईत, बी-खताचा हिशोब डोक्यात असताना, या माणसानं थंडीतल्या एका सकाळसाठी जमीन राखून ठेवली आहे. गोवऱ्यांची आगटी पेटेल, भाजलेली कणसं तळहातावर चोळली जातील, गरम दाणे गूळ आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर हातोहात फिरतील. हा आनंद पेरणीच्या वेळीच ठरवलेला आहे.

कणसं काही ते सोडत नाहीत, पण पिशवीतून हरभऱ्याचे डहाळे काढतात आणि अख्ख्या बाकाला वाटतात. सगळे घाटे सोलू लागतात. पानांवरची आंब बोटांना लागते, बोटं जिभेला, आणि डबाभर एक आंबट-खारट चव पसरते.

पोखर्णी नृसिंहला काही जण दर्शनाला उतरतात. गाडी हलल्यावर दोन्ही बाजूंना काळं रान लागतं. कपाशीत शेवटच्या वेच्याला बायका वाकलेल्या आहेत, कमरेला वटी बांधून, एका ओळीत. मजुरी किलोवर मिळते, मग एकीनं दुसरीसाठी का थांबावं? लेकराची आई हसते. ती स्वतः वेचणीला जाते. “एकटीनं वेचलं तर दीस सरत नाही, ताई. चौघी असल्या की बोलण्याबोलण्यात वटी कधी भरती, ते कळत बी नाही.”

एकाएकी डबा उठतो. “गंगा आली, गंगा आली.” गोदावरीला इथं कुणी गोदावरी म्हणत नाही. चाकांचा आवाज बदलतो, आम्ही पुलावर आहोत. हात जोडले जातात. कुणीतरी लेकराच्या मुठीत नाणं ठेवतं, आजोबा त्याला खिडकीपाशी उचलून धरतात. नाणं पाण्यात पडलं की नाही हे कुणालाच दिसत नाही, तरी लेकरू टाळ्या पिटतं आणि त्याच्यासोबत सगळा बाक हसतो.

गंगाखेडला उतरून मी बाजारातून नदीकडे चालत निघते. सुगडी, बोरं, गाजरं, तीळ यांची दुकानं रस्त्याच्या कडेनं मांडली आहेत. मला संत जनाबाईंच्या मंदिरात जायचं आहे. जनी इथली, दामा आणि करुंड यांची मुलगी. लहानपणीच ती पंढरपुरी नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी राहिली. त्या घरात दळण, कांडण, झाडलोट, पाणी तिच्या वाट्याला आलं. इ. स. १३५० मध्ये तिनं देह ठेवला, असं परंपरा सांगते. तिच्या नावावर सुमारे ३५० अभंग आहेत.

मंदिरात बायका येतात, कुंकू लावतात, दोन घटका बसतात. मीही बसते. जनीच्या अभंगांतला विठोबा खाली उतरून जात्याचा खुंटा धरतो, शेणी वेचतो, तिचे केस विंचरतो. पण त्याच्या येण्यानं तिचं काम सुटत नाही. दळायचं तितकंच राहतं. दळणारे मात्र दोन होतात. आज इथं बसल्यावर मला ते अभंग डब्यातल्या त्या बाकाच्या जवळचे वाटतात. जात्याला खुंटा एकच असतो, आणि समोरासमोर बसलेल्या दोघींचे हात त्यावर मावतात. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी महाराष्ट्राच्या गावागावांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. एवढं गाणं पहाटेच्या अंधारात, कष्टाच्या ऐन मध्यावर उगवलं. आता गिरणी आहे आणि ते बरंच झालं. जात्यानं बायकांचे खांदे झिजवले. ओव्या ज्या सोबतीतून निघाल्या, ती सोबत मात्र राहायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

घाटावर येते तर धुण्याची गर्दी. सणाआधीची आवरासावर. एक आजी कमरेएवढ्या पाण्यातून गोधडी ओढत काठावर आणतात आणि माझ्याकडे बघतात.

“ए बाई, धर गं जरा.”

मी पिशवी पायरीवर ठेवते आणि टोक धरते. भिजलेली गोधडी विलक्षण जड आहे. त्या एका बाजूनं पीळ देतात, मीही त्याच बाजूनं देऊ लागते. “उलटा दे, उलटा. माझ्यासारखाच दिलास तर पाणी कसं निघंल?” मी हात फिरवते. पाण्याची धार पायांवर पडते, थंडगार. पीळ घट्ट होत जातो, तशी आजींची ओळख होत जाते. “हे सासूचं लुगडं. हा लेकीचा परकर. ह्यो तुकडा नातवाच्या झबल्याचा.” तीन पिढ्या आम्ही दोघी मिळून पिळत आहोत.

नुसतं बघत फिरताना गाव डोळ्यांपुढून जातं. कुणी हक्कानं कामाला बोलावलं, की ते हाताला लागतं. आजींनी माझं नाव विचारलेलं नाही, कुठून आले तेही नाही. एका गोधडीला दोन माणसं लागतात आणि दुसरं माणूस मी आहे, एवढ्यावर आमचं नातं पक्कं आहे.

“अजून तीन हाईत,” आजी म्हणतात.

मी पदर खोचते. परतीची गाडी संध्याकाळी आहे, आणि तीन गोधड्यांना सकाळ पुरून उरेल.