एरचहून विद्यापीठाकडे : मानसशास्त्राच्या पदवीची वाट

बारावीचा निकाल लागला, की घरात पेढे येतात आणि पाठोपाठ प्रश्नही येतो : आता पुढे काय? मुलगी म्हणते, ‘‘मला मानसशास्त्र शिकायचंय.’’ आजी काळजीने विचारते, ‘‘म्हणजे वेड्यांची डॉक्टर होणार का गं?’’ आणि वडील मनातल्या मनात वसतिगृहाच्या खर्चाचा हिशेब मांडू लागतात.

पुण्या-मुंबईत हा प्रश्न सोडवणे तसे सोपे. पण हेच घर एरचमध्ये असेल तर? एरच हे झाशी जिल्ह्यातले, बेतवेच्या काठचे प्राचीन गाव. जुन्या नाण्यांवर त्याचे नाव ‘एरिकच्छ’ असे आढळते. हिरण्यकशिपूची राजधानी हीच आणि होळीची सुरुवातही इथूनच, असे गावकरी अभिमानाने सांगतात. बुंदेलखंड विद्यापीठ मात्र झाशीला. ते १९७५ साली स्थापन झाले. मुलीला पहिल्याच वर्षी दूर पाठवणे साऱ्याच घरांना जमत नाही. मग मार्ग उरतो तो टप्प्याटप्प्याचा. सुरुवात जवळच्या कॉलेजात करायची आणि पुढे मोठ्या विद्यापीठात जायचे.

अमेरिकेत ही पद्धत रुळलेली आहे. तिथले विद्यार्थी दोन वर्षे कमी खर्चाच्या कम्युनिटी कॉलेजात शिकतात आणि मग विद्यापीठात दाखल होतात. कॅलिफोर्नियाने तर २०१० मध्ये कायदा करून मानसशास्त्रासह अनेक विषयांसाठी हा पूल पक्का केला. आपल्याकडेही ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव ऐकू येते. पण त्यांचा भर रोजगाराच्या कौशल्यांवर असतो. नाव सारखे म्हणून काम सारखे, असे समजून तिथे प्रवेश घेऊ नये. आपल्याकडे हा पूल क्रेडिटचा आहे.

क्रेडिटचे बँकखाते

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ सुरू केली. पोस्टाच्या बचत खात्यात पैसे साठावेत, तसे इथे उत्तीर्ण झालेल्या विषयांचे क्रेडिट साठतात. आयोगाच्या आराखड्यात वर्षाला साधारण ४० क्रेडिट धरलेले आहेत. तीन वर्षांच्या पदवीला १२० आणि चार वर्षांच्या पदवीला १६०.

पण इथेच एक खाचखळगा आहे. पदवी देणाऱ्या संस्थेतूनच निम्मे क्रेडिट मिळवलेले असावेत, असा या बँकेचा नियम. समजा, मुलगी दोन वर्षे एका विद्यापीठात शिकली. तिचे ८० क्रेडिट झाले. तिसऱ्या वर्षी ती दुसऱ्या विद्यापीठात गेली, तर तिथे मिळणार ४०. १२० चे निम्मे ६०. म्हणजे हिशेब जुळत नाही. एका वर्षानंतर बदल केला किंवा चार वर्षांची पदवी धरली, तर जुळतो. शिवाय क्रेडिट खात्यात आहेत म्हणून नवे विद्यापीठ जागा देईलच, असेही नाही. रिकामी जागा आणि अभ्यासक्रमाची समकक्षता ते आपल्या नियमांनी पाहते.

म्हणून बहुतेक घरांसाठी दोन वाटा अधिक सुरक्षित. एक म्हणजे, त्याच विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका कॉलेजातून दुसऱ्यात जाणे. इथे विद्यापीठ तेच राहते, त्यामुळे समकक्षतेची अडचण सहसा येत नाही. दुसरी, बी. ए. जवळच पूर्ण करून एम. ए.साठी मोठ्या विद्यापीठात जाणे. बनारस, अलाहाबाद यांसारख्या केंद्रीय विद्यापीठांत मानसशास्त्राचे जुने विभाग आहेत. २०२२ पासून अशा अनेक विद्यापीठांसाठी पदव्युत्तर प्रवेशाची सामायिक परीक्षा होते. तिथे कॉलेजच्या नावापेक्षा तयारीला महत्त्व.

विषय सोडताना सावध

उत्तर प्रदेशात नवी रचना २०२१-२२ पासून आली. पहिली दोन वर्षे तीन मुख्य विषय आणि तिसऱ्या वर्षी त्यांतले दोनच ठेवायचे. एखादी मुलगी मैत्रिणींच्या सोबतीने, किंवा संख्याशास्त्राचा पेपर अवघड वाटतो म्हणून, नेमके मानसशास्त्रच सोडते. पुढे एम. ए.च्या अर्जात ‘पदवीला हा विषय होता का?’ या रकान्यापाशी गाडी अडते. तिसऱ्या वर्षापर्यंत विषय हातचा सोडू नये.

प्रवेशाआधी कॉलेजात जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात. मानसशास्त्र (तिथल्या अर्जावर ते ‘मनोविज्ञान’ असेल) खरोखर शिकवले जाते का? पूर्णवेळ शिक्षक आहे का? प्रयोगशाळा आहे का? या विषयात प्रात्यक्षिके असतात; स्मरणाचे, शिकण्याचे, लक्ष देण्याचे प्रयोग करून वही भरावी लागते. इंग्रजी संज्ञांचीही पहिल्या वर्षापासून ओळख करून घ्यावी, कारण पुढची बरीचशी पुस्तके त्याच भाषेत आहेत.

‘घरी बसून बाहेरून करू’ हा पूर्वीचा सोपा उपाय आता उरलेला नाही. आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम बंद केले. कोणी जाहिरातीत अशा नव्या प्रवेशाचे आश्वासन देत असेल, तर पैसे भरण्याआधी खात्री करावी.

आजीच्या प्रश्नाचे उत्तर

नुसत्या बी. ए.ने कोणी मनोरुग्णांवर उपचार करू शकत नाही. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय डॉक्टर असतो. चिकित्सक मानसशास्त्रज्ञ होण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेले शिक्षण आणि तिच्याकडे नोंदणी हवी. या अभ्यासक्रमांची नावे व रचना बदलत आहेत. म्हणून त्या वर्षीची मान्यता पाहूनच प्रवेश घ्यावा. शाळेतील समुपदेशन, अध्यापन, संशोधन, मनुष्यबळ विकास या वाटा वेगळ्या, आणि प्रत्येकीची पात्रताही वेगळी.

या माणसांची गरज मात्र मोठी आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक विकार असल्याचे आढळले, आणि त्यांतल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. २०२२ मध्ये सरकारने १४४१६ या क्रमांकावर ‘टेली-मानस’ सेवा सुरू केली. पण फोनच्या पलीकडे बसायला, आणि बुंदेली बोलणाऱ्या बाईचे दुखणे तिच्याच बोलीत समजून घ्यायला, शिकलेली माणसे हवीतच.

तेव्हा एका संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र बसून एक कागद घ्यावा आणि खालून वर लिहीत जावे. सर्वांत खाली मुलीला काय व्हायचे आहे ते. त्याच्या वर त्यासाठीची एम. ए.; त्याच्या वर ती एम. ए. मागते ते पदवीचे विषय. आणि सर्वांत वर, या जूनमध्ये कोणता अर्ज भरायचा ते. एक फाइलही करावी. गुणपत्रिका, क्रेडिट खात्याचा क्रमांक, दर वर्षीचा छापील अभ्यासक्रम आणि वेळ येताच मायग्रेशन सर्टिफिकेट तिच्यात जपून ठेवावे. अभ्यासक्रमाची ती चार पाने आज रद्दी वाटतील, पण पुढे समकक्षता ठरवताना तीच मागितली जातात.

एवढे केले, तर एरचमध्ये गेलेले पहिले वर्ष वाया जाणार नाही. आणि वडिलांनाही वसतिगृहाचा खर्च नेमका कोणत्या वर्षी येणार, हे आजच ठाऊक होईल.