ओहायोकाठचे कोनी आयलंड

सहलीची जागा निवडताना आपण काय पाहतो? झाडांची सावली, जवळ पाणी आणि जाण्यायेण्याची सोय. अमेरिकेत सिनसिनाटी शहराच्या पूर्वेस, ओहायो नदीच्या काठी, जेम्स पार्कर याची सफरचंदांची बाग होती. तिथे ही तिन्ही होती. लोक वनभोजनासाठी बाग भाड्याने मागू लागले, आणि फळांपेक्षा सावलीच जास्त पैसा देते हे पार्करच्या ध्यानात आले! पुढे ती जागा विकली गेली व १८८६ साली तिथे करमणुकीचे उद्यान सुरू झाले. न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध किनाऱ्यावरून त्याला नाव पडले ‘कोनी आयलंड’.

लोक यायचे ते आगबोटीने. ‘आयलंड क्वीन’वर वाद्ये वाजत, नाच चाले, म्हणजे सहल धक्क्यावरच सुरू होई म्हणा ना! १९२५ साली उद्यानात पोहण्याचा तलाव झाला, ४०१ फूट लांब आणि २०० फूट रुंद.

पण नदी देते तशी नेतेही. १९३७ च्या महापुरात सारे उद्यान बुडाले. चिखल उपसून ते पुन्हा उभे केले. १९४७ साली पिट्सबर्ग येथे स्फोट होऊन ‘आयलंड क्वीन’ नष्ट झाली. आता भिस्त राहिली मोटारींवर.

याहून मोठा अडसर फाटकावर होता. कृष्णवर्णीयांना आत प्रवेशच नव्हता. १९५२ साली मेरियन स्पेन्सर यांच्या मुलांनी जाहिरात पाहून तिथे जायचा हट्ट धरला. आईने फोन केला, तेव्हा मुलांचे स्वागत आहे असे कळले. वर्ण सांगताच मात्र नकार आला. त्यांनी कोर्टात दाद मागितली. १९५५ साली फाटक उघडले, पण तलाव व नाचघर खुले व्हायला १९६१ उजाडले. एका पाळण्यात बसलेले चालले, पण एका पाण्यात उतरलेले चालेना!

१९६४ साली पुन्हा पूर आला. मालकांनी नदीचा नाद सोडला. १९७१ च्या हंगामानंतर बरेच पाळणे हलवले आणि १९७२ साली हमरस्त्यालगत ‘किंग्ज आयलंड’ हे नवे उद्यान उघडले. जुन्या जागी तलाव टिकून राहिला. २०२३ च्या अखेरीस तोही बंद झाला.

नदीने आणलेली माणसे रस्त्याने नेली, एवढीच ही कथा नव्हे. ज्यांनी नऊ वर्षे झगडून दार उघडले, त्यांच्या वाट्याला ते भरलेले उद्यान जेमतेम दहा वर्षे आले, हेही आपण लक्षात ठेवायला हवे.