३५०० रुपयांचा हिशेब विचारा!

ज्या लेकराला नीट दिसत वा ऐकू येत नाही, त्याला ‘घरीच बरा’ म्हणून ठेवण्याची रीत आपल्या वस्त्यांतून अजून गेलेली नाही. आम्ही आईबापांना दोष देत नाही. अशा मुलांसाठी सरकारी तिजोरीतून पैसा निघतो, हेच त्यांना कोणी सांगितलेले नसते.

२०१८ साली आलेल्या समग्र शिक्षा योजनेच्या निकषांत अशा प्रत्येक विद्यार्थ्यामागे वर्षाला ३५०० रुपयांपर्यंत तरतूद ठेवली गेली. महाराष्ट्रात शंभरातले साठ केंद्राचे, चाळीस राज्याचे. साहित्य-साधने, ब्रेल पुस्तके, मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता, सारे त्यातच. महिन्याला पडतात तीनशेच्या आत! रिक्षाभाडे तरी सुटेल का? मुलींना महिना २०० रुपये विद्यावेतन, दहा महिने.

बरे, शिकवणार कोण? प्राथमिकला दहा मुलांमागे व पुढे पंधरांमागे एक विशेष शिक्षक हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले. आपल्या शाळेत तो आहे का, पाहा.

घटनेच्या कलम ४१ मध्ये शिक्षणाचा व अपंगत्वात साहाय्याचा हक्क आहे. पण ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’. या शब्दांआड लपणाऱ्यांना २०१६ चा दिव्यांग कायदा दाखवा. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षे मोफत शिक्षण हा त्याचा हक्क आहे.

तेव्हा बंधुभगिनींनो, मुख्याध्यापकांकडे जा. मुलाचे नाव यू-डायसमध्ये दिव्यांग म्हणून नोंदले आहे का, विचारा. नसेल तर जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र काढा. दोघे-तिघे मिळून जा, अर्ज लेखी द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.